हात राखून

अली शेर हे नाव आपल्या मुलांना माहीत असावे, असे आम्हाला वाटते. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारे हे कॅडी १९९१ मध्ये गोल्फची इंडियन ओपन जिंकले. १९९३ मध्ये पुन्हा. आजही कॅडींच्या घरांतली मुले या खेळात रोजी शोधतात.

त्यांपैकी अनेकांना लांबचा फटका जमतो आणि आठ-नऊ नंबरच्या आयर्नचा, जवळचा, चुकतो. एकदा चेंडू अलीकडेच पडतो, एकदा हिरवळीपार जातो. कारण बहुधा एकच: चेंडू उंच जावा म्हणून मुलगा तो मनगटाने उचलू पाहतो. वजन मागच्या पायावर राहते आणि आयर्न आधी मातीत शिरते. खरे तर आयर्नचे तोंड तिरपेच असते. चेंडू तेच उचलते. वजन पुढच्या पायावर यावे, आधी चेंडू लागावा, मग गवत. अंतर जास्त असेल तर जोर वाढवू नये. नऊऐवजी आठ नंबर घ्यावा आणि पाऊण स्विंग करावा.

ताकद असूनही ती हात राखून वापरणे, यालाच आपण मियानारवी म्हणतो. घरखर्चात ती मुलांना शिकवतोच. खेळातही शिकवू या.