आधी मातीला विचारा!



एप्रिल-मे महिन्यात आपल्या शिंदखेडा तालुक्यातल्या काळ्या शेतात चक्कर मारा. केवढ्या भेगा! गोटी आत पडली तर हाती लागायची नाही. पण पावसाळ्यात दोन-चार चांगले पाऊस झाले की भेगा गायब! माती फुगते आणि त्या बुजतात.

असं का होतं? काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण वहीच्या पानांसारखे पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आकसते.

कापसाला ही माती छान, पण घराचं काय? पावसाळ्यात भिंतीकडेची माती भिजून फुगते, घराखालची मधली माती मात्र कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेची माती आधी आकसते. पाया उथळ असेल तर तो कुठे उचलला जातो, कुठे खचतो. मग दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दार चौकटीत अडकतं. आणि बरं का, हलक्या एकमजली इमारतींना हा त्रास जास्त! जड इमारत मातीला दाबून तरी धरते. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी शाळा एकमजलीच आहेत ना?

जुनी माणसं पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि गाववस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. आता वस्ती वाढली, घरं काळीतही आली. म्हणून बांधण्याआधी मातीला विचारायला हवं.

कसं विचारायचं? इंजिनिअर खड्डा घेऊन थरांची माती तपासतात. एका चाचणीत दहा-दहा ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये टाकून 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. दोन्हींतल्या फरकावरून मातीचा स्वभाव कळतो.

मग उपाय ठरतो. काळ्या मातीचा थर पातळ असेल तर तो काढून पाया खालच्या मुरमावर घेतात. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब वापरतात. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात. तिथे ऋतूंचा ओलावा फारसा बदलत नाही, म्हणून माती शांत असते. शिवाय मोरीचं आणि छपराचं पाणी पायाशी मुरू द्यायचं नाही.

पालकहो, घर बांधताना फरशी आणि रंगाआधी माती तपासणीचा खर्च धरा. जमिनीखाली घातलेला पैसा दिसत नाही, पण घर त्याच्यावरच उभं असतं.

मुलांनो, तुम्हीही करून पाहा. दोन सारख्या काचेच्या ग्लासांत पाणी घ्या. एकात दोन चमचे वाळलेल्या काळ्या मातीची पूड, दुसऱ्यात तेवढीच वाळू टाका. दुसऱ्या दिवशी दोन्हींची उंची पट्टीने मोजा.

आणि घरात किंवा वर्गात भेग दिसली तर तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पावसाळा संपल्यावर पुन्हा बघा. भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर मोठ्यांना लगेच दाखवा. नुसती सिमेंटने बुजवली तर ती पुढच्या वर्षी पुन्हा उघडेल.