उजनीची टक्केवारी रोज कळते, पाण्याचं काय?

उजनी किती टक्के झाली? पावसाळा लागला की करमाळा, इंदापूर, माढा, दौंड तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच मेसेज फिरतो. दौंडचा विसर्ग, बंडगार्डनचा विसर्ग, धरण प्लसमध्ये आलं का, सगळं लोकांना पाठ असतं. आलेलं पाणी कसं आहे, हे मात्र कुणी टाकत नाही.

धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणजे शून्य टक्क्यालाही निम्म्याहून जास्त पाणी आत असतं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की प्यायलाही त्यातलंच पाणी वापरायचं. पाणी आटतं, घाण तेवढीच राहते.

ही घाण येते कुठून? पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत उतरतं आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खतच. पाणी हिरवंगार होतं, काठाला वास सुटतो, जलपर्णी माजते. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. शेवाळ मेलं की ते कुजतानाही प्राणवायू जातो. मासे मरून काठाला लागले की 'विष टाकलं' अशी बोंब होते. कधी तसं असेलही, पण विष न टाकताही मासे असे मरतात.

अशा पाण्यात टिकते ती चिलापी. मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली. घाण पाणी सोसते, वर्षातून अनेकदा वीण घालते, मादी अंडी तोंडात धरून जपते. मरळ, वाम, शिंगाडा यांचा तिच्यापुढे निभाव लागत नाही. त्यात बारीक आसाची जाळी लावून बोटाएवढी पिल्लंही काढली जातात. चिलापीने अनेक घरांची चूल पेटती ठेवली हे खरं, पण एकाच माशावर धंदा उभा राहिला की भावही व्यापाऱ्याच्याच हातात जातो.

पुण्याला शिव्या देणं सोपं आहे, आणि मोठा दोष तिकडचाच आहे. पण पाणी ओसरलं की आपण गाळपेर जमिनीवर पिकं घेतो, युरियाची पोती रिकामी करतो, आणि पावसाळ्यात तेच रान पाण्याखाली जातं. त्याचं काय?

प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे नमुने तपासतं, पण तो निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कधी दिसत नाही. विसर्ग तासातासाला कळू शकतो, तर पाण्यातला प्राणवायू निदान आठवड्याला कळवायला काय हरकत आहे? येत्या ग्रामसभेत काठच्या गावांनी हा ठराव घ्यावा आणि त्याची एक प्रत पाटबंधारे खात्याला द्यावी.