शाळेतील वीज आणि सार्वजनिक जबाबदारी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्याला विजेचे मोल कुणी शिकवावे लागत नाही. चासकमानच्या किंवा खडकवासल्याच्या कालव्याला आवर्तन सुटले आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, तर बिबट्याचे भय डोक्यावर घेऊन त्याला बांधावर जागावे लागते. अशा मुलुखात शाळेतील संगणक कामाविना दिवसभर चालू राहावेत, ही केवळ निष्काळजीपणाची बाब नव्हे. सार्वजनिक संपत्तीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो, याचीच ती कसोटी होय.

हिशेब साधा आहे. जुन्या धाटणीच्या संगणकाला पडद्यासह सुमारे 100 वॅट वीज लागते. असे 20 संगणक रोज 4 तास विनाकारण चालले, तर दिवसाला 8 युनिटे वाया जातात. शाळेच्या 220 दिवसांत 1760 युनिटे. औष्णिक केंद्रात एका युनिटापोटी सुमारे 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका खोलीतील आळसापायी चंद्रपूर-कोराडीकडे वर्षाला टनाहून अधिक कोळशाची राख होते, आणि ती राख तेथील कामगारवस्तीच्या छातीत जाते.

या अपव्ययामागे पुष्कळदा गैरसमज असतात. पडद्यावर हलते चित्र आले की वीज वाचते, हा त्यांपैकी एक. पडदा काळा होऊन संगणक निद्रावस्थेत गेला, तरच वीज वाचते. यूपीएस भिंतीवरील बटणापासून बंद केला नाही, तर सुट्टीतही तो थोडी थोडी वीज खातच राहतो. लेझर छपाईयंत्राचा तापणारा भाग तर एकेका पानासाठी पुनःपुन्हा तापवावा लागतो. म्हणून छपाई साठवून एकदम करणे शहाणपणाचे.

तथापि, बचतीचा उपदेश गरिबांच्या शाळेलाच करून भागणार नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांपुढे गावच्या शाळेचा वापर नगण्य आहे. उलट थकबाकीपोटी जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार आल्या. सार्वजनिक सेवांसाठी विजेच्या दराचा स्वतंत्र वर्ग वीज नियामक आयोगाने केला, तोही 2012 साली. आजही पटसंख्येवर ठरणाऱ्या तुटपुंज्या अनुदानातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल भागवावे लागते. पट कमी तितके अनुदान कमी. आणि पट कमी असतो तो वाड्यावस्त्यांवर. तेव्हा वाया गेलेले युनिट म्हणजे त्याच मुलांच्या तोंडचा घास होय. बचत हवी ती शासनाची जबाबदारी हलकी करण्यासाठी नव्हे, तर मुलांचा हक्क राखण्यासाठी.

शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा ग्रामस्थांच्या सहभागातून ‘शून्य-ऊर्जा’ शाळा म्हणून नावाजली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु एका शाळेचा नावलौकिक हा शेकडो शाळांच्या हक्काला पर्याय ठरू शकत नाही. छतावर सौर तावदाने बसवणे हे देणगीदाराच्या मर्जीचे नव्हे, जिल्हा परिषदेच्या नियोजनाचे काम आहे. यंत्रे खरेदी करतानाही केवळ स्वस्त निविदा पाहून चालणार नाही. 2002 साली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनाचा आणि यंत्र आयुष्यभर खाणार असलेल्या विजेचा विचार व्हावयास हवा. स्वस्तात घेतलेले यंत्र पुढे दर महिन्याला बिलातून आपली किंमत वसूल करते.

येथेच कार्यकर्त्यांना काम आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना स्थान दिले. त्या समितीने दरमहा वीजबिल फलकावर लावावे. वरच्या वर्गातील मुलांनी मीटर वाचून युनिटांचा आलेख काढावा. गणिताचा आणि नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा नाही. शाळा सुटताना मुख्य बटण बंद करण्याची जबाबदारी पाळीपाळीने ठरावी. ती एकट्या शिपायावर ढकलू नये. पुष्कळ शाळांत तर शिपाईच नाही. आणि हाच नियम पंचायत समितीच्या कचेरीलाही लागू व्हावा. रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरवणाऱ्या कचेरीने शाळेला काटकसर शिकवावी, हे शोभत नाही.

मुलांनी मांडलेला हा हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल, तेव्हा शेतीला दिवसा वीज आणि प्रत्येक शाळेला अखंड वीज या मागण्यांमागे नुसत्या घोषणांचे नव्हे, आकड्यांचे बळ उभे राहील.