नाव गुप्त राहू द्या, पत्ता नको

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘एए’ म्हणतात तो दारू सोडू पाहणाऱ्यांचा स्वमदत गट, १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाला. त्यातला एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. भारतात हे काम १९५७ पासून चालते. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, आडनावही कोणी विचारत नाही. पण आडनाव झाकण्याच्या या चांगल्या रीतीत मीटिंगचा पत्ताही झाकला जातो, आणि अमरावती-अकोल्यात याच गोष्टीवर बोट ठेवायला हवे. गुप्तता माणसासाठी आहे. खोली, वार आणि वेळ गुपित ठेवा, असे एएची कोणतीही परंपरा सांगत नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक आहेत. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. उरलेल्यांच्या घरचे काय करतात, हे एसटी स्टँडच्या आणि रेल्वे फाटकाजवळच्या भिंती सांगतात. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात आणि खाली मोबाईल नंबर. त्या नंबरवरून आणलेली पुडी भाजीत कालवणाऱ्या बाईला तिच्यात काय आहे हे ठाऊक नसते. डायसल्फिरामसारखे औषध नकळत पोटात गेले आणि वरून दारू पडली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. अशा पुडीचा पत्ता भिंतीवर सापडतो आणि फुकट चालणाऱ्या मीटिंगचा सापडत नाही, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

मीटिंगमध्ये लपवण्यासारखे काहीच नसते. काही खुर्च्या, कोपऱ्यात चहा. एकजण पहिले नाव सांगतो, ‘मी मद्यपाशी आहे’ म्हणतो आणि स्वतःचेच सांगू लागतो. पगाराच्या दिवशी पाय कुठे वळत, बायकोची पोत कधी गहाण पडली, शेवटचा घोट घेऊन किती दिवस झाले. मध्ये कोणी तोंड घालत नाही. नवा माणूस बहुधा दाराजवळची खुर्ची धरतो. त्याला जन्मभराची शपथ घालत नाहीत, फक्त आजचा दिवस मागतात. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, त्यात जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो.

वऱ्हाडाला हे परके वाटू नये. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि लहानगा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढला. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता त्याने गोडाची पंगत घातली, भाऊबंदांचा रोष पत्करून. बाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर श्रोत्याच्याच तोंडून वदवून घेत. मद्यपाशात अडकलेल्याचेही तसेच आहे. बायको, आई, साहेब यांचे ऐकून तो थकलेला असतो, पण आपल्यासारख्याच एकाचे ऐकून कधीतरी स्वतः बोलू लागतो.

अशा गटांनी खरेच दारू सुटते का, ही शंका रास्त आहे. वैद्यकीय संशोधनाच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. दारूबंदी हवी म्हणणाऱ्यांचा आग्रहही समजण्यासारखा आहे. शेजारचा वर्धा जिल्हा बंदीचाच. पण बंदीने दुकान बंद होते, ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याचा आजार उरतोच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणे तर धोक्याचे आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग, आणि डॉक्टरांच्या औषधाबरोबरच मीटिंग.

यासाठी सरकारी तिजोरीतून काही मागायचे नाही. एए बाहेरची देणगी घेत नाही, खोलीचे भाडे स्वतः भरते. लागते ते इतकेच की अमरावतीच्या इर्विन आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात यकृताच्या किंवा अपघाताच्या वॉर्डातून सुटणाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डावर जवळच्या गटाचा वार, वेळ, खोली आणि फोन लिहिलेला असावा. तोच मजकूर एसटी स्टँडवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. सोबत घरच्यांसाठी अल-अॅनॉनचा पत्ता आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही असावा. जिथे गट नाही तिथे दोन मद्यपी एकत्र बसले तरी गट होतो. परतवाडा, दर्यापूर, अकोटसारख्या ठिकाणी शाळेने किंवा समाजमंदिराने आठवड्यातून दीड तास एक खोली भाड्याने द्यावी. ती वेळ रविवारी सकाळची ठेवली, तर खेड्यातून आलेल्याला दुपारच्या एसटीने घरी परतता येईल.

– एक वाचक, अमरावती