बेटावरचा संसार: बिल कमी, खर्च जास्त!

या सदरात आपण दर वेळी कुणाच्या तरी घरखर्चाची वही उघडून बसतो. या वेळी मी तुमच्यासमोर माझीच वही उघडते आहे. थोडी लाज वाटतेय, कारण पहिल्या चार महिन्यांची पानं खाडाखोडीने भरलेली आहेत. पण तुमच्यापैकी कुणी नोकरीसाठी, बदलीमुळे किंवा अगदी हौसेने एखाद्या बेटावर राहायला जाणार असेल, तर ही खाडाखोड नक्की उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नवऱ्याला अंदमानात नोकरी मिळाली. पगार पुण्यापेक्षा महिन्याला १२ हजारांनी जास्त. माझं लिखाणाचं काम घरूनच चालतं, त्यामुळे माझ्या कमाईला धक्का नव्हता. आम्ही लगेच हिशोब मांडला. वाढलेले १२ हजार सरळ शिल्लक पडतील आणि सांगलीला सासूसासऱ्यांना दर महिन्याला जे ८ हजार पाठवतो, तेही चालू राहतील. आईने तेवढं विचारलं, "अगं, सावरकरांना ठेवलं होतं तेच ना अंदमान? तिथे घरं करून राहतात लोक?" मी हसले. म्हटलं, राहतात गं, आणि त्यांना लाइट बिलसुद्धा येतं.

आम्ही पोर्ट ब्लेअरला, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, येऊन घर लावलं. आणि चौथ्याच महिन्यात, जूनमध्ये, सांगलीला पाठवायला आमच्या खात्यात पैसे नव्हते. सासऱ्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "पगार वाढला होता ना रे?" नवरा गप्प बसला. त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. पैसे गेले कुठे?

लाइट बिल: दर बघून फसू नका

अंदमानची वीज मुख्य भूमीवरून तारेने येत नाही. चेन्नई किंवा कोलकाता इथून साधारण १,२०० किलोमीटर दूर. त्यामुळे बहुतेक वीज इथेच डिझेलवर तयार होते आणि ते डिझेल जहाजाने येतं. थोडी सौर वीज आहे, उत्तर अंदमानात कल्पोंग नदीवर एक छोटा जलविद्युत प्रकल्प आहे. एक युनिट तयार करायला जो खर्च येतो, त्याच्या मानाने घरगुती ग्राहक फारच कमी पैसे देतो. बाकीचा भार सरकार उचलतं.

म्हणून दर पाहून मी खूश झाले. पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यात कमी, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा. "इथे वीज स्वस्तच आहे," असं म्हणत आम्ही रात्रभर एसी लावला. दुपारी मी लिहायला बसले की पुन्हा एसी. पुण्यात आमचे महिन्याला ११० युनिट व्हायचे. एप्रिलमध्ये इथे किती झाले? ३१२! स्वस्त टप्पा कधी संपला ते कळलंही नाही.

मग दोन गोष्टी बदलल्या. पहिली, एसीचं तापमान. २०२० पासून आपल्याकडे विकले जाणारे एसी चालू केले की आपोआप २४ अंशांवर लागतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. आम्ही २६ अंश, सोबत पंखा आणि तीन तासांचा टायमर, असं ठरवलं.

दुसरी गोष्ट, घड्याळ. अंदमान देशाच्या इतक्या पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. उन्हाळ्यात पहाटे पाचलाच उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मी पुण्याच्या सवयीने नऊला कामाला बसायचे, तेव्हा इथे ऊन चांगलंच तापलेलं असायचं. आता साडेपाचला लिहायला बसते. खिडकी उघडी, एसी बंद, डोकंही ताजं. आता महिन्याला १७० ते १८० युनिट होतात.

पाणी: पाऊस भरपूर, नळ कोरडा

इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही जानेवारी ते एप्रिल हे महिने कोरडे जातात आणि शहराची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर असते. आम्ही आलो ते नेमके त्याच दिवसांत. आमच्या भागात दर तिसऱ्या दिवशी थोडा वेळ पाणी यायचं आणि आमची टाकी ५०० लिटरची. एप्रिलमध्ये दोनदा टँकर मागवावा लागला. पाण्याचं बिल नाममात्र होतं, टँकरचे पैसे मात्र कुठल्याच बिलावर नव्हते.

आमची घरमालकीण तमिळ. तिला मी अक्का म्हणते. तिने मला अंगणात नेऊन छपराला लावलेली पन्हळ दाखवली आणि म्हणाली, "बेटी, यहाँ पानी का हिसाब लाइट से पहले रखना." मे महिन्यात पाऊस सुरू झाला तसं त्या पन्हळीचं पाणी आमच्या नव्या हजार लिटरच्या टाकीत येऊ लागलं. कपडे, भांडी, फरशी सगळं त्यावर. टाकीला एकदाच खर्च झाला, टँकर मात्र त्यानंतर एकदाही आला नाही.

बाजार: "शिप आया क्या?"

अबर्डीन बाजारात गेलात की हा प्रश्न हमखास कानावर पडतो. कांदे, बटाटे, डाळी, पीठ, साबण, बिस्किटं, जवळजवळ सगळं चेन्नई किंवा कोलकात्याहून येतं. जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि जहाज लांबलं, की टोमॅटोचा भाव रोज वेगळा.

मी सुरुवातीला पुण्याचाच स्वयंपाक इथे करत होते. फ्लॉवर, सिमला मिरची, पनीर, द्राक्षं. म्हणजे प्रत्येक घासाबरोबर जहाजाचं भाडं खात होतो. अक्काच्या स्वयंपाकघरात पाहिलं तर नारळ, केळी, पालेभाज्या आणि जंगलीघाटहून आणलेली ताजी मासळी. सगळं इथलंच. आता मी आधी बाजारात जाते आणि मग आज काय करायचं ते ठरवते. जहाजाने येणाऱ्या टिकाऊ वस्तू जहाज आल्यावर पंधरा दिवसांच्या एकदम घेते.

एक गंमत सांगू? पेट्रोलही जहाजानेच येतं, पण ते इथे देशातल्या सगळ्यात स्वस्त ठिकाणांइतकं स्वस्त आहे. गेल्या वर्षी मुंबईत लिटर १०३ रुपयांच्या वर होतं, तेव्हा इथे ८२ च्या आसपास. कारण इथला कर अगदी कमी. म्हणजे सरकारने ज्याचा भार उचलला ते स्वस्त आणि बाकीचा प्रवासखर्च तुमच्या पिशवीतून. हे कळलं, की कोणती वस्तू महाग असणार याचा अंदाज आपोआप येतो.

वाया गेलं: वहीतला नवा रकाना

पुण्यात माझ्या वहीत हा रकाना नव्हता. इथे जूनमध्ये त्यात २,६५० रुपये होते! आईने दिलेलं मेतकूट ओलसर होऊन गोळा झालं. शेंगदाणे खवट. रव्यात किडे. नवऱ्याच्या चामड्याच्या बुटांवर हिरवी बुरशी. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे आमचा प्लायवूडचा सोफा. तो पुण्याहून ट्रकने चेन्नईला आणि तिथून जहाजाने आणला होता. घरसामान आणायला ३८ हजार लागले आणि पावसाच्या दुसऱ्याच महिन्यात सोफ्याची पाठ फुगली. तेवढ्या पैशांत इथे वेताच्या खुर्च्या आल्या असत्या.

समुद्राची हवा खारी असते. एसीच्या बाहेरच्या भागाला, फ्रिजच्या मागच्या जाळीला, स्कूटरच्या नटबोल्टला गंज लवकर धरतो. पुण्यात वर्षातून एकदा करायची सर्व्हिसिंग आम्ही इथे दर तीन महिन्यांनी करतो. सुटा भाग लागला तर तो मुख्य भूमीवरून येईपर्यंत थांबावं लागतं, कारण ऑनलाइन विकणारे कितीतरी जण इथला पिनकोड टाकला की डिलिव्हरीच देत नाहीत.

मला स्वतःला दिलासा आहे तो इंटरनेटचा. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल आली. त्याआधी इथलं इंटरनेट उपग्रहावर चालायचं. ती केबल नसती तर माझं हे घरबसल्या काम इथे जमलंच नसतं. तरी मी दुसऱ्या कंपनीचं एक सिम कार्ड ठेवते. तो खर्च मी हौसेत धरत नाही, कामात धरते.

ज्याचं बिल येत नाही

आता त्या जून महिन्याकडे येते. वर सांगितलेलं सगळं मिळूनही आम्ही कसंबसं निभावलं असतं. पण ९ जूनला सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन ठरलं. सासरे एकटे होते आणि नवऱ्याला लगेच सुट्टी मिळेना. मी निघाले. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई, तिथून पुणे, मग एसटीने सांगली. आदल्या रात्री काढलेलं एका बाजूचं विमानाचं तिकीट १७,४०० रुपये. तीन आठवड्यांनी परतताना थोडं कमी लागलं. जहाज स्वस्त आहे, पण ते रोज सुटत नाही आणि सुटलं तरी तीन दिवस समुद्रात. ऑपरेशन कुणासाठी थांबत नाही.

दवाखान्यात सासूबाईंच्या उशाशी बसून मी सासऱ्यांना खरं सांगितलं. वही फोनमध्ये होतीच, ती दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढं होतं तर आधी सांगायचं की गं. मला वाटलं, पोरगा विसरला." मला रडूच आलं. चार महिने आम्ही आकडे लपवत होतो आणि तिकडे त्यांना वाटत होतं की आम्ही त्यांनाच विसरलो.

तेव्हापासून आमच्या वहीचं पहिलं पान बदललं. पगार आला की सगळ्यात आधी ५ हजार रुपये "तिकिटाच्या डब्यात" जातात. वेगळं खातं आहे, त्याचं कार्ड काढलेलंच नाही. दोन माणसांचं तातडीचं जाणं-येणं भागेल एवढी रक्कम त्यात कायम ठेवायची, असं ठरलंय. सांगलीला आता ८ ऐवजी ६ हजार जातात. कमी जातात, पण का कमी ते दोन्ही घरांना माहीत आहे. सासऱ्यांनी स्वतःच सांगितलं, की डबा भरेपर्यंत एवढेच पाठवा.

जाण्याआधी एवढं विचारा

तुम्ही अंदमानला जा, लक्षद्वीपला जा नाहीतर परदेशातल्या एखाद्या बेटावर जा, घर ठरवण्याआधी तिथे राहणाऱ्या माणसाला हे पाच प्रश्न विचारा:

• नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि घराची टाकी किती लिटरची आहे?
• आधीच्या भाडेकरूचे उन्हाळ्यात किती युनिट व्हायचे? रुपये विचारू नका, युनिट विचारा.
• बाजारात काय इथलं आहे आणि काय जहाजाने येतं?
• इथल्या हवेत कुठलं सामान टिकत नाही? ते सोबत नेऊ नका.
• आज रात्री घरी जायचं ठरलं तर तिकीट कितीला पडेल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारलात तरी चालेल. आम्ही तो विचारलाच नव्हता.

हे लिहिताना बाहेर पाऊस पडतोय आणि पन्हळीचं पाणी टाकीत पडल्याचा आवाज येतोय. सासूबाई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. काल फोनवर म्हणाल्या, "डिसेंबरात आम्ही दोघं येतो तुझं बेट बघायला. तिकिटं आत्ताच काढून ठेव, स्वस्त पडतील." पाहिलंत? वही आता त्यांनाही पाठ झाली आहे!