पाणी राखणाऱ्या गावांना नोंदींची साथ हवी

विहिरीच्या पाण्याची चव बदलली, नदीला फेस येऊ लागला, उभे पीक कडेने करपू लागले, अशी तक्रार घेऊन गावकरी शासकीय कार्यालयात जातात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो : पुरावा काय? हा प्रश्न गैर नाही. परंतु पुरावा म्हणजे तुलना. आजचे पाणी बिघडले आहे हे दाखवण्यासाठी कालचे पाणी कसे होते ते ठाऊक असावे लागते, आणि कालची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. देशात ठिकठिकाणी नद्या व भूजल यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांची खरी अडचण येथे आहे. ती दूर करण्याची क्षमता कृषी विस्तार यंत्रणेत आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे, असे माझे मत आहे.

नोय्यलचा धडा

तमिळनाडूतील नोय्यल नदी कोइम्बतूरजवळच्या वेल्लियंगिरी डोंगरांत उगम पावते आणि तिरुप्पूरमार्गे वाहत जाऊन करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. तिरुप्पूर हे होजिअरी कापडाचे मोठे केंद्र. सुती कापडावर रंग पक्का बसावा यासाठी रंगाई कारखान्यांत मिठाचा वापर मोठ्या प्रमाणात होतो. हे सांडपाणी नदीत येऊ लागले. नेहमीच्या प्रक्रियेने त्यातील रंग बऱ्याच अंशी काढता येतो, विरघळलेले क्षार मात्र पाण्यातच राहतात. त्यामुळे डोळ्यांना बरे दिसणारे पाणीही जमिनीचा घात करू शकते. सिंचनासाठी १९९२ साली बांधलेल्या ओरथुपालयम धरणात हेच पाणी साठत गेले आणि ज्यांच्या शेतीसाठी धरण बांधले त्याच शेतकऱ्यांवर, हे पाणी आमच्या शेतात सोडू नका, असे म्हणण्याची वेळ आली.

नदीकाठच्या शेतकरी संघटना १९९६ पासून मद्रास उच्च न्यायालयात दाद मागत होत्या. नुकसान ठरवणाऱ्या प्राधिकरणाने २८ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना मिळून सुमारे २४.८ कोटी रुपयांची भरपाई निश्चित केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याचे बंधन कायम केले आणि त्याचे पालन झाले नाही म्हणून २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. म्हणजे या लढ्याला पंधरा वर्षे लागली. या काळात मुरलेल्या क्षारांना मात्र न्यायालयाचा आदेश लागू होत नाही. एकदा क्षारपड झालेली जमीन आणि खारावलेले भूजल पूर्वस्थितीला येण्यास पिढी जाऊ शकते. पहिल्या काही वर्षांतच विहिरीविहिरींच्या क्षारतेची तारीखवार नोंद गावांच्या हाती असती, तर हा कालावधी निश्चितच कमी झाला असता.

पंजाबातील फिरोजपूर जिल्ह्यात झिरा तालुक्यातील मनसूरवाल येथेही पुराव्याचाच प्रश्न केंद्रस्थानी होता. तेथील मद्यार्क कारखान्यामुळे भूजल दूषित झाल्याचा आरोप करीत ग्रामस्थांनी जुलै २०२२ पासून कारखान्याच्या दाराशी ठाण मांडले. पाणी बिघडले आणि बिघडले नाही, असे दोन्ही दावे होत राहिले. समित्या नेमल्या गेल्या, नमुने घेतले गेले. अखेर १७ जानेवारी २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी कारखाना बंद करण्याची घोषणा केली. पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत गावकऱ्यांना जे महिने रस्त्यावर काढावे लागले, ते आधीच्या नोंदींनी काही प्रमाणात तरी वाचले असते.

जमिनीखालून जाणारी वाहिनी

कारखान्याचे सांडपाणी दिसते तरी. जमिनीखालची वाहिनी फुटेपर्यंत दिसत नाही. कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर जिल्ह्यातील कथिरामंगलम येथे ३० जून २०१७ रोजी खनिज तेलाची वाहिनी शेतात गळू लागली. ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, अटका झाल्या आणि हे भातपिकाचे गाव देशभर चर्चेत आले. अशा आंदोलनांच्या रेट्यामुळे तमिळनाडू विधानसभेने फेब्रुवारी २०२० मध्ये कावेरी खोऱ्याला संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा देणारा कायदा केला. नव्या तेल व वायू प्रकल्पांना त्याने आळा बसला, तथापि आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांना तो लागू नाही. त्यांच्या बाबतीत जागरूक गाव हाच पहारेकरी.

तेल व वायुवाहिन्यांसंबंधी १९६२ च्या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याला माहीत असाव्यात. या कायद्यान्वये जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, केवळ वापराचा हक्क संपादित होतो. त्या पट्ट्यात पुढे विहीर खोदता येत नाही, तळे करता येत नाही, झाड लावता येत नाही. नुकसानीखेरीज मिळणारा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के असतो. आणि अधिसूचनेनंतर हरकत घेण्यास अवघे २१ दिवस मिळतात. ज्याच्याकडे वाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी व गुणवत्ता आधीच नोंदलेली आहे, त्याच्या हरकतीला वजन येते. २१ दिवसांत अशी माहिती नव्याने गोळा होत नाही.

कीटकांची साक्ष

कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून एका दुर्लक्षित साक्षीदाराकडे लक्ष वेधतो. बाटलीत घेतलेला नमुना त्या क्षणाचे पाणी दाखवतो. रात्री सांडपाणी सोडले आणि सकाळी नमुना घेतला, तर हाती काहीच लागणार नाही. नदीतील कीटकांना मात्र अनेक आठवडे, काहींना अनेक महिने, त्याच पाण्यात काढावे लागतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय यांची पिल्ले व अळ्या दगडांखाली राहतात. पाण्यातील प्राणवायू घटला की ती सर्वांत आधी नाहीशी होतात. चतुर व टाचणी यांच्या पिल्लांपैकी काही जाती थोडेफार प्रदूषण सोसतात. शरीरात हिमोग्लोबिन असणाऱ्या कायरोनोमिड माशांच्या लाल अळ्या आणि शेपटीसारख्या नळीने पृष्ठभागावरील हवा घेणारी ‘उंदीरशेपटी’ अळी मात्र कुजक्या पाण्यातही तग धरते. कोण उरले आणि कोण गेले, यावरून नदीचे गेल्या काही आठवड्यांचे आरोग्य कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशा जिवांवर आधारित जैविक निकष स्वीकारून पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत.

यासाठी लागते ती बारीक जाळी, पांढरा ट्रे आणि भिंग. सांडपाणी मिसळण्याच्या ठिकाणाच्या वर एक जागा व खाली एक जागा निवडावी, दोन्हीकडे सारखाच वेळ दगड हलवून जाळी धरावी आणि सापडलेले प्रकार मोजावेत. पुराच्या दिवसांत हे करू नये. याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कोणते रसायन मिसळले हे कीटक सांगत नाहीत, विहिरीला ही पद्धत लागू पडत नाही आणि संथ, मैदानी नद्यांत स्टोनफ्लाय मुळातच क्वचित आढळते. ही पूर्वसूचना आहे. तिच्या आधारे रासायनिक तपासणीची मागणी करावयाची असते.

गावाने काय करावे, आपण काय करावे

प्रत्येक गावात निवडक विहिरी व कूपनलिका ठरवाव्यात. वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पावसाळ्यानंतर नोव्हेंबरमध्ये, पाण्याची पातळी, सामू आणि विद्युत वाहकता मोजावी. हातात मावणारे वाहकतामापक यंत्र कृषी विज्ञान केंद्राने उपलब्ध करून द्यावे. केंद्रीय मंडळाच्या निकषानुसार सिंचनाच्या पाण्याची वाहकता २.२५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक नसावी. आकडा या मर्यादेच्या आत असूनही दरवर्षी चढत असेल, तर तोच धोक्याचा इशारा समजावा. नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि उपस्थितांच्या सह्या असाव्यात व ती ग्रामसभेत वाचली जावी.

अशी नोंदवही न्यायालयीन नमुन्याची जागा घेत नाही. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९७४ नुसार नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधितास सूचना देऊन, दोन भाग करून मोहोरबंद करावा लागतो. परंतु अधिकाऱ्याने कोठे व केव्हा यावे, हे नोंदवही सांगते. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणीय वादासाठी सहा महिन्यांत, तर भरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. बिघाड प्रथम केव्हा आढळला हे तारखेनिशी सांगता आले नाही, तर योग्य तक्रारही मुदतीबाहेर ठरू शकते.

संशोधन संस्थेतील वा शासकीय सेवेतील माणसाने आंदोलनात पडू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. घोषणा देणे हे आपले काम नाही, हे मान्य. पण मोजमाप करणे आणि ते करावयास शिकवणे हे तर आपलेच काम आहे. नोंद कोणाची बाजू घेत नाही. एखाद्या गावी ती कारखान्याला निर्दोष ठरवील आणि विहिरीतील नायट्रेटचे मूळ आपल्याच युरियाच्या मात्रेत असल्याचे दाखवील. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि अतिरिक्त नत्र वापरणारे शेत ती ओलांडण्यास हातभार लावते. कीटकनाशकांचे अवशेषही पावसाबरोबर ओढ्यात जातात. दुसऱ्याला जाब विचारणाऱ्या गावाने आपल्या शेताचा हिशेबही त्याच वहीत मांडावा, म्हणजे त्याच्या शब्दाला अधिक मान मिळेल.

नदी व भूजल वाचवण्यासाठी उभे राहणाऱ्यांना आजवर विकासविरोधक ठरवणे सोपे गेले, कारण त्यांच्या हाती अनुभव होता आणि आकडे दुसऱ्यांच्या हाती होते. हे असंतुलन दूर करण्यास फार मोठा निधी लागत नाही. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आपल्या कार्यक्षेत्रातील कारखाने, सांडपाण्याचे नाले व वाहिन्यांचे मार्ग पाहून सर्वाधिक धोक्याची दहा गावे निवडावीत आणि येत्या मे महिन्यात तेथील पहिली नोंद गावकऱ्यांच्याच हातून करून घ्यावी.