दिवस भरल्यानंतर

दिवस भरले, दिलेली तारीखही उलटली, तरी कळांचे चिन्ह नाही, अशा वेळी डॉक्टर म्हणतात, “उद्या दाखल व्हा, औषध देऊन कळा आणू.” मग घरात दोन मते होतात. थोरल्या बायका म्हणतात, फळ पिकले की देठ आपोआप सुटतो. शेजारीण कुजबुजते, डॉक्टरांना रविवारची सुटी हवी असेल! (असे कधी घडतच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.)

अशा रीतीने किती बाळंतपणे व्हावीत? १९७४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हे प्रमाण शंभरात चाळिसांच्या आसपास पोचले होते व त्यावर मोठे वादळ उठले. पुढे १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील परिषदेनंतर सांगितले की, कोणत्याही प्रदेशात ते १० टक्क्यांहून अधिक नसावे.

तो आकडा आज प्रमाण मानून चालणार नाही. वार किती काळ बाळाचे पोषण नीट करील याला मर्यादा असते. स्वीडनमध्ये ४१ व ४२ आठवड्यांची तुलना करणारी चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्यात एकही नाही. संघटनाही आता ४१ आठवडे निश्चित पूर्ण झाल्यावर कळा आणण्याचा सल्ला देते. रक्तदाब वाढला किंवा पाणी जाऊनही कळा आल्या नाहीत, तर त्याआधीही हा उपाय करावा लागतो.

अमेरिकेत २०१८ मध्ये तर सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणींच्या चाचणीत असे दिसले की, ३९व्या आठवड्यात कळा आणल्यास सिझेरियन वाढत नाही, उलट घटते: २२.२ टक्क्यांऐवजी १८.६.

मग सरसकट सर्वांनाच औषध द्यावे काय? आमच्या मते, नाही. त्या स्त्रियांचे आठवडे खात्रीने मोजलेले होते. “संक्रांतीच्या सुमारास पाळी चुकली” एवढ्या आधारावर ३९ आठवडे धरले आणि ते प्रत्यक्षात ३६ निघाले, तर अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मास येते. शिवाय ऑक्सिटोसिनचे थेंब मोजून सोडावे लागतात. ते अधिक झाल्यास कळांवर कळा येतात व बाळाला प्राणवायू कमी पडतो. एकच परिचारिका पाचसहा जणींकडे पाहत असेल, तेथे हे मोजणार कोण?

म्हणून टक्केवारीपेक्षा डॉक्टरांना हे विचारावे: आठवडे कशावरून मोजले? कारण कोणते? दोन दिवस थांबल्यास काय होईल? बाळाचे ठोके कोण पाहील? पाळीची तारीख लिहून ठेवावी व पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद जपावा. मागच्या खेपेस सिझेरियन झाले असल्यास ते दाखल होतानाच सांगावे. अशा स्त्रीस मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन कळा आणू नयेत, कारण गर्भाशयाचा जुना व्रण फाटण्याचे भय असते.